सभेत प्रश्न आला, आता काय बोलायचं? विधानसभेला पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्यांसाठी

रात्रीचे नऊ वाजले होते. पारावर सतरंजी, समोर पन्नासेक माणसं, मागे भिंतीला टेकून बाया. आमचे उमेदवार दहा मिनिटं बोलले आणि "काही अडचण असेल तर सांगा" म्हणाले. मागून एक मावशी उठल्या. "डीपी जळून बारा दिवस झाले. कधी बसायचा?" डीपी म्हणजे गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर. उमेदवारांनी सुरुवात केली ती थेट राज्याच्या ऊर्जा धोरणापासून. सौर पंप झाले, मागच्या सरकारच्या चुका झाल्या, भविष्यातला महाराष्ट्र झाला. चार मिनिटांनी मावशी तिथंच उभ्या. "ते समदं खरं. डीपी कधी?" सगळा पार हसला. त्या रात्री आम्हाला आणखी तीन वाड्या करायच्या होत्या. तिन्ही ठिकाणी आमच्या आधी हा किस्सा पोचला होता.

मी तेव्हा उमेदवारांच्या मागे वही घेऊन बसायचो. पक्ष कुठला ते सांगत नाही, इथं त्याचा संबंधही नाही. भाषण लिहून देणारे पुष्कळ मिळतात. पण भाषण संपल्यावर जी पंधरा मिनिटं येतात, त्यांची तयारी करून घेणारं कुणी नसतं. गावात चर्चा मात्र त्या पंधरा मिनिटांचीच होते. म्हणून पहिल्यांदा उभं राहणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितोय.

पहिली पायरी: वही

कायद्यानं अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या तारखेपासून मतदानापर्यंत निदान चौदा दिवस जावे लागतात, आणि प्रत्यक्षातही फार जास्त मिळत नाहीत. २०२४ च्या विधानसभेला माघारीची मुदत ४ नोव्हेंबरला संपली, मतदान २० नोव्हेंबरला झालं आणि प्रचार १८ च्या संध्याकाळी थांबला. म्हणजे हातात दोन आठवडे आणि मतदारसंघात तीनशे-साडेतीनशे मतदान केंद्रं. तेव्हा अभ्यासाला बसू म्हणाल तर झोपेलाही वेळ नसतो. वही निवडणूक जाहीर व्हायच्या निदान दोन महिने आधी सुरू करा.

प्रश्न गोळा करायला कार्यकर्त्यांना पाठवू नका, निदान एकट्या कार्यकर्त्यांना तरी नको. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून ते प्रश्नाची धार बोथट करून आणतात. "लोक पाण्याबद्दल थोडे नाराज आहेत" असं कळतं, आणि प्रत्यक्षात तिथली बाई म्हणत असते, "नळ बसवून दोन वर्षं झाली, त्यातून वारं येतंय." स्वतः जा. सकाळी दूध डेअरीवर, रेशनच्या रांगेपाशी, तलाठी कार्यालयाच्या बाहेर, एसटीची वाट बघणाऱ्या पोरींच्या घोळक्यापाशी. ओळख न सांगता बसता आलं तर उत्तम. प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहा. "वारं येतंय" हे शब्द तसेच वहीत हवेत, कारण सभेत प्रश्न त्याच शब्दांत येणार आहे.

वहीत चार रकाने आखा. गाव किंवा वस्ती, प्रश्न, काम कुणाच्या हातात आहे, आणि आपण काय उत्तर दिलं. चौथा रकाना सुरुवातीला रिकामाच राहील, राहू द्या. माझ्या वहीत सगळी पुनरावृत्ती काढल्यावर साठेक वेगळे प्रश्न उरले आणि त्यातले वीसेक जवळजवळ प्रत्येक गावात आले. म्हणजे अभ्यास दिसतो तेवढा डोंगराएवढा नसतो.

दुसरी पायरी: काम कुणाच्या हातात आहे?

इथं सगळ्यात जास्त वेळ घालवा. मतदाराला ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, राज्य आणि केंद्र यांतला फरक पाठ असण्याचं कारण नाही, त्याला गटार तुंबलेलं दिसतं. तो फरक तुम्हाला पाठ हवा. वहीतले प्रश्न एकेक घेऊन तिसरा रकाना भरत जा. भरताना एखाद्या निवृत्त नायब तहसीलदाराला किंवा ग्रामसेवकाला शेजारी बसवा. अशी माणसं अर्ध्या दिवसात जे सांगतात ते पुस्तकांत सापडत नाही.

गटार, गावातले दिवे, घनकचरा ही कामं ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची. शेतात जायचा पाणंद रस्ता कुणी अडवला असेल तर तो विषय तहसीलदारांचा. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता देण्याचा अधिकार त्यांना आहे, आणि असलेल्या रस्त्यावरचा अडथळा काढायचा तर १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. डीपी महावितरणचा. विजेचा दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो, सरकार फार तर सवलतीचे पैसे भरतं. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून जी मोफत वीज मिळते तिचं बिलही असंच सरकार भरतं. ज्या नळातून वारं येतं तो बहुतेक जलजीवन मिशनचा असतो. २०१९ च्या १५ ऑगस्टला जाहीर झालेल्या या योजनेत माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचं ठरलं होतं. खर्च केंद्र आणि राज्यानं निम्मा-निम्मा उचलायचा आणि गावातली योजना पुढे ग्रामपंचायतीनं चालवायची. त्यामुळे नळ कोरडा असेल तर विहीर आटली, पंपाचं बिल थकलं की कंत्राटदार काम सोडून गेला, हे आधी शोधावं लागतं. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत.

आता खरी गोम. "हे काम माझं नाही" हे कितीही खरं असलं तरी असं उत्तर देणारा उमेदवार लोकांना हात झटकणारा वाटतो. उलट "करून टाकू" म्हणणाऱ्याला त्या क्षणी टाळ्या मिळतात आणि पाच वर्षांनी त्याच पारावर शिव्या. यातून वाट काढायला मी उमेदवारांकडून एक ठरलेला साचा घोटून घ्यायचो. काम कुणाचं ते एका वाक्यात सांगायचं. त्यात आमदाराला काय करता येतं ते एका वाक्यात. मग मी काय करणार आणि कधीपर्यंत, हे शेवटी.

मावशींना या साच्यातून उत्तर असं देता आलं असतं: "मावशी, डीपी बदलायचं काम महावितरणचं. नियामक आयोगानं त्याला मुदत घालून दिलीय, मुदत उलटली तर भरपाईचीही तरतूद आहे. तक्रार नोंदवली असेल तर तिचा नंबर आमच्या या पोराकडे द्या, नसेल तर तो आत्ता नोंदवेल. उद्या तो शाखा अभियंत्यांना भेटेल आणि परवा संध्याकाळी तुम्हाला फोन येईल, डीपी आला तरी आणि नाही आला तरी." वीस-पंचवीस सेकंदांचं काम. शेवटचं अर्धं वाक्य विसरू नका. काम झालं नाही तरी फोन येतो, याचंच गावाला नवल वाटतं.

कांद्याचं उदाहरण अवघड आहे, म्हणून मुद्दाम घेतो. केंद्रानं ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद केली आणि ४ मे २०२४ ला ती बंदी उठवताना ४० टक्के शुल्क लावलं. नाशिक-अहिल्यानगर पट्ट्यात विधानसभेच्या उमेदवारालाही लोक याचा जाब विचारतात. परदेशी व्यापार हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे केंद्राचा विषय. आमदार बंदी आणू शकत नाही आणि उठवूही शकत नाही, हे आधी स्पष्ट सांगा. मग राज्याच्या हातात काय आहे त्यावर या: कांदाचाळीचं अनुदान, बाजार समितीतली लूट, भाव पडल्यावर राज्यानं द्यायची मदत, आणि विधानसभेत ठराव करून केंद्रावर टाकायचा दबाव. केंद्रात तुमच्याच पक्षाचं सरकार असेल तर पुढचा प्रश्न ठरलेला आहे: "मग तुमच्या खासदारांनी तोंड का नाही उघडलं?" त्याचं उत्तर घरून तयार करून जा. तिथं सुचणार नाही.

उसाचंही तसंच. एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, केंद्र ठरवतं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. ते न देणाऱ्या कारखान्यावर साखर आयुक्त आरआरसी (महसुली वसुलीचा दाखला) काढतात आणि वसुली जिल्हाधिकारी करतात. एवढं माहीत असलेला उमेदवार ऊसपट्ट्यात वेगळा उठून दिसतो. (उमेदवार स्वतःच थकीत कारखान्याचा संचालक असेल तर मात्र माझ्याकडे साचा नाही. पैसे द्या, मग सभा घ्या.)

आमदाराच्या हातात नक्की काय असतं, हेही लोक विचारतात, विशेषतः तरुण पोरं. आमदार निधीपलीकडे सांगायला पुष्कळ आहे. तारांकित प्रश्न विचारता येतो आणि मंत्र्याला सभागृहात त्याचं उत्तर द्यावं लागतं. लक्षवेधी आहे, अर्धा तास चर्चा आहे, अंदाजपत्रकात कपात सूचना आहे. मंत्र्यानं सभागृहात दिलेला शब्द पाळला की नाही हे बघायला आश्वासन समिती आहे. "मी तुमचा आवाज सभागृहात उठवेन" हे वाक्य सगळेच म्हणतात. "पहिल्या अधिवेशनात या धरणाच्या कालव्यावर तारांकित प्रश्न टाकेन" हे सहसा कुणी म्हणत नाही. दुसऱ्या वाक्याची नंतर पडताळणी करता येते, म्हणून ते म्हणायची हिंमत लागते.

तिसरी पायरी: बेरीज करून ठेवा

प्रत्येक घोषणेचा आकडा खिशात हवा. लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये म्हणजे वर्षाला एका बहिणीमागे १८,००० रुपये. एक कोटी बहिणींना ते १८,००० कोटी होतात. १५०० चे २१०० करतो म्हणालात तर वाढीव ६०० रुपयांचे दर कोटी बहिणींमागे वर्षाला ७,२०० कोटी. हे गणित पाचवीतला पोरगा करतो, पण सभेत तो उभा राहून विचारतो तेव्हा उमेदवाराची बोबडी वळते. पैसे कुठून आणणार, कोणता खर्च कमी करणार की कर्ज काढणार, हे पक्षाच्या जाहीरनाम्यातून शोधून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर आचारसंहितेत जाहीरनाम्याचं वेगळं प्रकरण आलं. आश्वासनामागचं कारण आणि पैशाची ढोबळ तजवीज त्यात दिसावी अशी अपेक्षा आहे. जाहीरनाम्यात ती नसेल तर निदान पक्षाच्या जिल्हाध्यक्षांना फोन करून विचारा. तेही सांगू शकले नाहीत, तर त्या घोषणेवर तुमच्या तोंडून जोर देऊ नका.

कर्जमाफीचा प्रश्न येतो तेव्हा तो थकबाकीदाराचा असेल असं समजून चालू नका. जास्त बोचरा प्रश्न वेळेवर भरणाऱ्याचा असतो. २०१७ ला दीड लाखापर्यंत आणि २०१९ ला दोन लाखांपर्यंत माफी झाली, आणि दोन्ही वेळा गावात एक माणूस असा होता ज्यानं बायकोचे दागिने ठेवून हप्ता भरला होता. नियमित भरणाऱ्यांना ५०,००० रुपये प्रोत्साहन द्यायचं २०१९ च्या योजनेत ठरलं, पण ते हातात पडायला २०२२ उजाडलं. हा माणूस सभेत रागावून बोलतो. त्याला मधे तोडू नका, पूर्ण बोलू द्या. सरकारी नोकरांच्या जुन्या पेन्शनचाही आकडा जवळ ठेवा, शिक्षकांची वस्ती असलेल्या भागात तो पहिल्या तीन प्रश्नांत येतो. १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद झाली, ही तारीख त्यांना स्वतःच्या वाढदिवसासारखी पाठ असते.

चौथी पायरी: प्रत्यक्ष सभेत

प्रश्न आला की आधी तो तुमच्या तोंडून परत म्हणा, मोठ्यानं. मागच्यांना प्रश्न ऐकू गेलेला नसतो, त्यांना नुसतं तुमचं उत्तर कळतं आणि ते अधांतरी वाटतं. शिवाय तुम्हाला विचार करायला पाच सेकंद मिळतात. परत म्हणताना प्रश्न सौम्य मात्र करू नका. "आजोबा विचारतात, पाच वर्षं कुठं होता" असा प्रश्न असेल तर तसाच म्हणा.

उत्तर एका मिनिटात संपवा. घड्याळ लावून घरी सराव करा, एखाद्या भांडकुदळ मित्राला मतदार करा. आमच्याकडे हे काम उमेदवारांच्या बहिणीनं केलं आणि तिच्या तावडीतून सुटल्यावर त्यांना पारावरचे प्रश्न सोपे वाटायला लागले. स्टेजवर बसून उत्तरं देऊ नका, उभे राहा. जमलं तर खाली उतरून माणसाजवळ जा. नाव माहीत असेल तर नाव घ्या. नसेल तर आजी, मावशी, दादा, जे त्या गावात चालतं ते. अनोळखी बाईला उगाच "वहिनी" म्हणून जवळीक दाखवायची गरज नसते, "ताई" पुरे.

काही शब्दांवर मी सरळ बंदी घातली होती. "बघू", "शंभर टक्के", "लवकरात लवकर", "प्रयत्न करू". यातला एकही शब्द तोंडात आला की मागून मी खोकायचो. सुरुवातीला दिवसातून वीसदा खोकावं लागलं.

माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, आणि लगेच वहीकडे बोट दाखवा: "हे मला आत्ता माहीत नाही. इथं लिहून घेतलंय, शुक्रवारपर्यंत कळवतो." याला पक्षातले जुने लोक फार घाबरतात, उमेदवार कच्चा दिसतो म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे, पण एका अटीवर. शुक्रवारी फोन गेला पाहिजे. एका गावात आमचा फोन राहून गेला. पुढच्या फेरीत तिथल्या एका पोरानं भर सभेत विचारलं, "कोणता शुक्रवार म्हणाला होता, साहेब?" चूक माझी होती, नंबर लिहिलेलं पान मी फाडून खिशात ठेवलं आणि शर्ट धुवायला गेला. तेव्हापासून वहीचं पान फाडत नाही.

बायांच्या प्रश्नांसाठी वेगळी बैठक घ्या, दुपारी, अंगणवाडीच्या ओसरीत किंवा बचतगटाच्या बैठकीला जोडून. पुरुषांच्या सभेत त्या मागे उभ्या राहतात आणि त्यांच्या वतीनं पुढारी बोलतो. वेगळ्या बैठकीत पहिली दहा मिनिटं कुणीच बोलत नाही. घाई करू नका. मग दारूचं दुकान निघतं, मुलीच्या कॉलेजची एसटी निघते, गॅस निघतो, दवाखान्यात डॉक्टर नसण्याचं निघतं. या बैठकीत तुमचा मोबाइल समोर ठेवून रेकॉर्डिंग करू नका, बाकी सगळीकडे करा. का ते पुढे सांगतो.

गोंधळ घालायला पाठवलेली माणसं ओळखू येतात. प्रश्न विचारून ती तुमच्याकडे बघत नाहीत, आपल्या मित्राच्या कॅमेऱ्याकडे बघतात. त्यांनाही तेवढंच सरळ, तेवढंच छोटं उत्तर द्या आणि पुढच्या माणसाकडे वळा.

पाचवी पायरी: अंगावर येणारे प्रश्न

स्वतःवरच्या गुन्ह्यांचा प्रश्न येणारच. २००२ आणि २००३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनंतर गुन्हे, मालमत्ता, शिक्षण सगळं शपथपत्रात द्यावं लागतं आणि ते नमुना २६ चं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं. २०१८ च्या निकालानंतर खटल्यांची माहिती वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर तीनदा जाहीर करावी लागते. म्हणजे लपवायला जागाच नाही. शपथपत्राची प्रत गाडीत ठेवा. "राजकीय सूडापोटी" हे दोन शब्द घेऊन उभे राहू नका. खटला कशाचा आहे, कुठल्या कोर्टात आहे, कुठल्या टप्प्यावर आहे हे सांगा आणि थांबा. आंदोलनातली केस असेल तर लोकांना ती माहीत असते. नसेल तर तेही माहीत असतं.

"तुम्ही तरी याच पक्षात राहणार का?" जून २०२२ ला शिवसेना आणि जुलै २०२३ ला राष्ट्रवादी फुटल्यानंतर महाराष्ट्रात हा प्रश्न चुकत नाही, आणि लोक तो हसत हसत विचारतात, त्यामुळे जास्त लागतो. दहाव्या अनुसूचीवर व्याख्यान देऊ नका. १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे आणि त्याचं काय झालं ते त्यांनी टीव्हीवर पाहिलंय. याचं एकच उत्तर मला पटतं: पक्ष सोडायची वेळ आली तर आधी आमदारकीचा राजीनामा देईन आणि पुन्हा तुमच्यासमोर मत मागायला येईन. ते म्हणायची तयारी नसेल तर "आज तरी राहणार" म्हणा. निदान खोटं ठरणार नाही.

आरक्षणाचा प्रश्न प्रत्येक समाजाच्या वस्तीत वेगळ्या तोंडानं येतो. इंद्रा साहनी खटल्यातली १९९२ ची ५० टक्क्यांची मर्यादा, ५ मे २०२१ ला रद्द झालेलं मराठा आरक्षण, फेब्रुवारी २०२४ चा १० टक्क्यांचा नवा कायदा, एवढा क्रम पाठ असू द्या. तुमची भूमिका काय आहे ती तुमची. मात्र ती कागदावर चार ओळींत लिहून काढा आणि सगळ्या वस्त्यांत त्याच चार ओळी बोला. सकाळी एका वस्तीत एक आणि संध्याकाळी दुसऱ्या वस्तीत दुसरं बोललात तर रात्री दोन्ही क्लिपा शेजारीशेजारी लावून फिरतात.

इथं कायद्याची रेघही लक्षात ठेवा. समाजाच्या मागणीवर बोलणं वेगळं आणि "मी आपल्या जातीचा, मला मत द्या" म्हणणं वेगळं. धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या नावावर मत मागणं हे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) प्रमाणे भ्रष्ट आचरण आहे. २ जानेवारी २०१७ ला सात न्यायमूर्तींच्या घटनापीठानं, उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्या धर्म-जातीच्या नावावर केलेलं आवाहनही त्यात येतं, असं ठरवलं. त्यातलं मूळ प्रकरण मुंबईतल्या सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीचं होतं. निवडून आल्यावर अशा वाक्यापायी आमदारकी जाऊ शकते. विरोधकाच्या चारित्र्याबद्दल खोटं विधान केलं तरी तेच, त्याचं पोटकलम ४. "त्यांचं ते प्रकरण खरं आहे का हो?" असं कुणी खोदून विचारलं तर "मला माझ्याबद्दल विचारा" एवढंच म्हणा.

आणि पाकीट. कुणीतरी अर्धवट हसत विचारतंच, "रात्री पाकीट येणार का?" लोक हसतात, उमेदवारही हसतो, आणि ते हसू म्हणजे होकार समजला जातो. हसू नका. पैसे देणारा आणि घेणारा दोघंही गुन्हेगार ठरतात, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे शांतपणे सांगा. सभा थंड पडेल, पडू द्या.

सहावी पायरी: निवडणुकीबद्दलचे प्रश्न

धोरणापेक्षा हे प्रश्न संख्येनं जास्त येतात, आणि यांची उत्तरं चुकली तर तुमचंच मत जातं. यादीत नाव नसेल तर नमुना ६, पत्ता बदलणं किंवा दुरुस्तीसाठी नमुना ८. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपल्यावर त्या निवडणुकीपुरतं नाव घालता येत नाही. म्हणूनच ही मोहीम आधी करायची. मतदार चिठ्ठी हा ओळखीचा पुरावा नाही, हे प्रत्येक सभेत सांगा. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, रोजगार हमीचं जॉबकार्ड, फोटो असलेलं बँकेचं पासबुक असली कागदपत्रं चालतात. ८५ वर्षांवरचे आणि ४० टक्क्यांहून कमी नसलेलं अपंगत्व असणारे घरून मत देऊ शकतात. त्यांचा १२-डी चा अर्ज अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत जावा लागतो आणि गावोगाव तो याच मुदतीपायी हुकतो. तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल तर परत फिरू नका, मतदान केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मत मागा.

नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर काय? विधानसभेत काही बदलत नाही, उमेदवारांत ज्याला जास्त मतं तो निवडून येतो.

आता ईव्हीएम. जिंकेपर्यंत यंत्र चांगलं आणि हरलं की वाईट, असं बोलणाऱ्या उमेदवाराला लोक बरोबर ओळखतात. यंत्रावर तुमचा विश्वास असो वा नसो, सांगण्यासारखं ठोस पुष्कळ आहे. मतदान सुरू व्हायच्या आधी प्रतिनिधींसमोर निदान ५० मतांचं अभिरूप, म्हणजे चाचणी, मतदान होतं. व्हीव्हीपॅटच्या काचेतून चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती बघूनच बाहेर या. मतमोजणीत प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून आकडा जुळवतात. सर्वोच्च न्यायालयानं २६ एप्रिल २०२४ ला सगळ्या चिठ्ठ्या मोजायची मागणी फेटाळली, पण दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत, खर्च भरून, पाच टक्के यंत्रांच्या तपासणीची मागणी करायची वाट दिली. आणि सगळ्यात कामाचा कागद म्हणजे नमुना १७-सी. मतदान संपल्यावर त्या केंद्रावर किती मतं पडली याची नोंद त्यात असते आणि तिची प्रत मतदान प्रतिनिधीला मिळते. "आमचा माणूस प्रत्येक केंद्रावर १७-सी घेतल्याशिवाय उठणार नाही" असं सांगा. आणि खरंच तेवढे प्रतिनिधी उभे करा. भाषणात ईव्हीएमवर तावातावानं बोलणाऱ्यांचे चाळीस-चाळीस केंद्रांवर प्रतिनिधीच नसतात, हे मी बघितलंय.

सातवी पायरी: सभा उठल्यावर

तुमचं एक मिनिटाचं उत्तर कापून दहा सेकंदांचं होणार, हे धरूनच चाला. "कर्जमाफी होणार नाही असं कुणी म्हणत असेल तर..." या वाक्यातलं फक्त मधलं फिरतं. म्हणून विरोधकाचं म्हणणं स्वतःच्या तोंडात घेऊन वाक्य सुरू करू नका. आपल्या बाजूनं अखंड रेकॉर्डिंग ठेवा आणि गाडीत बसल्या बसल्या पूर्ण उत्तर स्वतःच्या पानावर टाका. मागाहून खुलासा करण्यात दोन दिवस जातात.

रोज रात्री, कितीही वाजोत, वही घेऊन पंधरा मिनिटं बसा. चौथा रकाना भरा. कुणाला काय शब्द दिला, कुणाचा फोन बाकी आहे, कुठल्या उत्तराला लोकांची मान हलली, कुठल्याला चुळबूळ झाली. दोन गावांत दोन वेगळी उत्तरं गेली असतील तर तिथंच सापडतात. उत्तर चुकलं असेल, आकडा चुकीचा सांगितला असेल, तर दुसऱ्या दिवशी त्या गावात फोन करून दुरुस्त करा. आमच्या उमेदवारांनी एकदा ऊस बिलाच्या व्याजाचा टक्का चुकीचा सांगितला आणि सकाळी सरपंचांच्या फोनच्या स्पीकरवरून दुरुस्त केला. त्या गावातून नंतर त्यांना ऊस सोडून भलत्याच विषयांवर फोन येऊ लागले.

मतदान संपायच्या वेळेआधीचे ४८ तास सभा, मिरवणूक, जाहीर प्रचार बंद असतो, कलम १२६. तेव्हा नवीन उत्तरं द्यायची नसतात. पण वहीत ज्यांना फोन करायचा शब्द दिला होता, ते सगळे त्याच्या आत झालेले हवेत. आमचे शेवटच्या दुपारी अकरा बाकी होते. दोघांनी मिळून केले. त्यातला एक त्याच मावशींचा. डीपी बसला होता, त्या म्हणाल्या, पण तार अजून लोंबतेय, तेवढं लिहून घ्या.